तळटीप ७ : ‘कोनहाइमचा बेडूक’

७. यूलिउस कोनहाइम (१८३९–१८८४) : जर्मन विकृतिशास्त्रज्ञ, रुडॉल्फ फिरखो यांचे शिष्य. जिवंत बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरून त्यांनी १८६७ मध्ये दाखवले, की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून चिकटतात आणि मग अंग चोरून तिच्यातून बाहेर सरकतात. (ऑगस्टस वॉलर यांनी हे १८४६ मध्येच पाहिले होते, नाव मात्र कोनहाइम यांचे झाले.) कर्करोगाच्या गाठीत ‘हा बेडूक हरतो’, असे लेखक म्हणतो ते यासाठी : गाठीत घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतून रक्तद्रव पाझरतो, पण पेशी सहजी जात नाहीत. पेशीला नुसते भोक पुरत नाही, पकड लागते. ती देणारे आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ हे रेणू भिंतीवर कमी पडतात. गाठीतून स्रवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन त्याचे एक कारण. पेशी पलीकडे पोचलीच, तरी पुष्कळदा कोलॅजनच्या दाट तंतूंत गाठीच्या कडेलाच अडकते. पुढील परिच्छेदातला ‘उंबरठा’ तो हाच.