दाखल नोंदवहीची कुळकथा

ग्रंथालयात आलेले पुस्तक आधी दाखल नोंदवहीत जाते, मग कपाटात. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, किंमत, विकतचे की देणगीचे, आणि शेवटी शेरा. तोच क्रमांक शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही घालतात. पहिली पाने फाटली, तरी पुस्तकाची ओळख राहते.

या काळजीचे मूळ पोथ्यांत आहे. लाकडी फळ्यांत धरून पोथी बासनात बांधत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी विनवणी लेखनिक शेवटी पोथीच्याच तोंडी घालत. पण पोथी एका घराची असे. पुस्तके वर्गणीदारांच्या मालकीची झाली, तेव्हा हिशेब देणे आले. कोकणात 1828 मध्ये रत्नागिरीला, 1852 मध्ये सावंतवाडीला आणि 1871 मध्ये वेंगुर्ल्याला वाचनालये उभी राहिली.

नोंदीला शिस्तीची जोड पुढे मिळाली. ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धत 1876 ची. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्याला आणले. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पाचवा म्हणजे, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला.

मालवण किनाऱ्यावर मात्र संग्रहाची खरी परीक्षा पावसाळा घेतो. दमट हवेत पानांना बुरशी धरते, कसर आणि वाळवी लागते. म्हणून कपाटे भिंतीपासून सुटी ठेवावी लागतात आणि पाऊस सरला की ग्रंथ पडताळणी घ्यावी लागते. वही आणि कपाट ताडून पाहिले की काय हरवले, काय जीर्ण झाले ते कळते. दुरुस्तीपलीकडचे पुस्तक समितीच्या ठरावाने निर्लेखित होते, म्हणजे संग्रहातून काढले जाते. शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद होते. त्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत.

निर्लेखन हा पुस्तकाचा अपमान नव्हे. एका बुरशी लागलेल्या प्रतीमुळे शेजारच्या दहा प्रती धोक्यात येतात.

मुंबईकर चाकरमान्यांना एक विनंती: गावच्या वाचनालयाला पुस्तके जरूर द्या, पण पोती भरण्याआधी ग्रंथपालांना यादी दाखवा. त्यांच्याकडे काय नाही, हे दाखल नोंदवही सांगेल.