मळा कोणाचा? माँटिसेलो ते अंबडचे गायरान

आमच्या अंबड भागात मळा म्हटले की मोसंबीची बाग, विहीर आणि पाडवा ते पाडवा बांधलेला सालगडी डोळ्यांपुढे येतो. बागेला नाव मालकाचे असते. विहीर कोणी खोदली, खड्डे कोणी घेतले, हे कोणी विचारत नाही. हाच प्रश्न आज अमेरिकेतल्या एका जगप्रसिद्ध मळ्याबद्दल विचारायचा आहे.

व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर माँटिसेलो नावाची हवेली आहे. हे घर थॉमस जेफरसनचे. 1776 च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा हा मुख्य लेखक. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे लिहिणारा. भोवती सुमारे 5000 एकर जमीन, आधी तंबाखू, पुढे गहू. समतेचे वाक्य लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात 600 हून अधिक माणसे गुलाम म्हणून राखली. 1794 पासून तिथे खिळे बनवण्याचा कारखाना चालला. त्यात 10 ते 16 वर्षांची गुलाम पोरे हातोडा मारत.

जेफरसनने व्हर्जिनियावर एक ग्रंथही लिहिला. त्यात काळ्या माणसांची बुद्धी गोऱ्यांपेक्षा कमी असावी, असा तर्क लढवला. फिलिस व्हीटली या गुलाम म्हणून आणलेल्या कवयित्रीचा संग्रह 1773 मध्येच छापला गेला होता. तिची कविता टीका करण्याच्याही लायकीची नाही, असे म्हणून त्याने ती मोडीत काढली. आधी शिकू द्यायचे नाही, आणि कोणी शिकलेच तर त्याची गुणवत्ता नाकारायची. मेरिटचा हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का?

4 जुलै 1826 रोजी जेफरसन कर्जबाजारी होऊन मेला. पुढच्या जानेवारीत त्याच्या 130 गुलामांची विक्री निघाली. जोसेफ फॉसेट या लोहाराला मृत्युपत्राने मुक्ती मिळाली, पण त्याची बायको आणि मुले लिलावात गेली. मालकाच्या कर्जापायी माणसे विकली गेली.

आता एक साल लक्षात ठेवा, 1873. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. त्याच वर्षी ओहायोतल्या एका वृत्तपत्रात मॅडिसन हेमिंग्ज या सुताराची आठवण छापून आली. माझी आई सॅली हेमिंग्ज जेफरसनची गुलाम होती आणि जेफरसन माझा बाप, असे त्याने उघड सांगितले. प्रतिष्ठित इतिहासकारांनी त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ खोटे ठरवले. 1998 मध्ये डीएनए चाचणी झाली. 2000 मध्ये हवेली सांभाळणाऱ्या संस्थेने मॅडिसनचे म्हणणे बहुधा खरे असल्याचे मान्य केले. 2018 मध्ये त्याच हवेलीत सॅलीच्या जीवनावरचे दालन उघडले.

काही मित्र म्हणतील, गुलामी वेगळी आणि अस्पृश्यता वेगळी. बरोबर आहे. बाबासाहेबांनीही हा फरक सांगितला आहे. गुलामी उघड असते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते. अस्पृश्यता आडून बांधते, म्हणून ती जास्त काळ टिकते. शिवाय गुलामाला किंमत मोजलेली असते, म्हणून मालक त्याला निदान जगवतो. अस्पृश्याच्या जगण्याची जबाबदारी कोणावरच नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे: राबणाऱ्याचा हक्क कागदावर येऊ द्यायचा नाही.

जेफरसन आपल्या शेतवहीत गुलामांची नावे, जन्म, धान्य, कापड सगळे टिपायचा. ती वही त्याने हिशेबासाठी ठेवली होती. आज त्याच वहीवरून त्या माणसांचे वंशज आपले पूर्वज शोधतात. मालकाचा कागदसुद्धा आपल्या कामी येतो, पण तो मागणारा आणि वाचणारा आपला माणूस पाहिजे.

आपल्याकडे तो कागद म्हणजे गाव नमुना 1-ई, अतिक्रमणाची नोंदवही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाने मराठवाड्याला जमीन मागायला शिकवले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दिली. तरीही पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणारी कुटुंबे नोटीस आली की हादरतात, कारण हातात कागद नसतो.

म्हणून भाषण संपवून कामाला लागू. गावच्या तलाठ्याकडे 1-ई ची नक्कल मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे एका फाईलमध्ये लावा. पहिला नांगर कोणी घातला, हे म्हाताऱ्या माणसांकडून तारखेसह लिहून घ्या. मॅडिसनने आपली साक्ष वेळेवर छापून ठेवली, म्हणून ती सव्वाशे वर्षांनी उभी राहिली. आपले आजे-आज्या आज बोलू शकतात. उद्याची खात्री नाही.

जय भीम!