सात नंबरची डावी सीट

‘सात नंबर’ या टोपणनावाच्या मोटारीत डावीकडच्या सीटवर बसा आणि हाताला सापडेल ते घट्ट धरा. तारीख १८ जून १९२७, वार शनिवार, रात्रीचे साडेनऊ होत आलेत. फ्रान्समधल्या ल मान्स गावाबाहेरचा हा साधा रस्ता आहे. दुपारी चारला सुटलेली शर्यत उद्या दुपारी चारला संपायची. एक फेरी सव्वासतरा किलोमीटरची. पाऊस पडून गेलाय, समोरची काच ओली आहे, आणि ती तशीही तुमच्या छातीच्या वर फारशी येत नाही.

उजवीकडे गाडी चालवतोय तो सॅमी डेव्हिस. पोटापाण्याचा धंदा पत्रकारितेचा. लंडनच्या ‘ऑटोकार’ साप्ताहिकात मोटारींवर लिहितो. आळीपाळीने चालवणारा त्याचा जोडीदार डॉ. बेंजाफील्ड चक्क जंतुशास्त्रज्ञ. सॅमीशी आता बोलायला जाऊ नका, इंजिनापुढे काही ऐकू येणार नाही.

त्या इंजिनाकडेच कान द्या. बेंटली थ्री लिटर, २९९६ सीसी, चारच सिलिंडर. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४९, म्हणजे उंच आणि सडपातळ. म्हणून हा आवाज किंचाळत नाही, खालच्या पट्टीत एकेक ठोका मोजून देतो. कारखान्याचा संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली तरुणपणी डॉनकास्टरला रेल्वेच्या इंजिनांवर उमेदवारी करत होता. ते कळल्यावर मला तरी ही गाडी रुळांवरून वाट चुकून इकडे आल्यासारखी वाटते.

आता सॅमीच्या पायांकडे बघा. ॲक्सिलरेटर मधे आहे आणि ब्रेक उजवीकडे! तुम्ही-आम्ही चालवायला घेतली तर पहिल्याच वळणावर ब्रेक समजून भलतंच दाबू. गिअरचा दांडा उजव्या हाताला. प्रत्येक गिअरला डबल क्लच, आपल्याकडचे जुने लॉरीवाले मारायचे तसा. स्टिअरिंगला दोरी गुंडाळलेली आहे, घामेजलेला हात घसरू नये म्हणून.

पुढे मेझाँ ब्लांश. रस्त्याकडेच्या पांढऱ्या घरावरून पडलेलं नाव. वळण वेगातच घ्यायचं, रोजच्या सरावाचं.

पण सॅमीचा पाय सैल पडलाय. का? दिव्याच्या उजेडात रस्त्यावर थोडी माती दिसतेय, लाकडाच्या चार ढलप्या. मागच्या फेरीला त्या इथे नव्हत्या. एवढंच. दुसरा कुणी असता तर तसाच दामटत गेला असता.

वळणापलीकडे रस्ताच उरलेला नाही. एक फ्रेंच श्नायडर मोटार आडवी झालेली, तिला चुकवायला गेलेली साडेचार लिटरची बेंटली खड्ड्यात, तिच्यावर आदळलेली आणखी एक बेंटली. सॅमी स्टिअरिंग पिळतो, गाडी आडवी घसरत जाते आणि धाडकन थांबते. तुमचे दात एकमेकांवर आपटतात. मग शांतता, आणि तापलेल्या पत्र्याची टिकटिक.

सॅमी आधी उतरून माणसं शोधतो. सगळी जिवंत आहेत. मग तो गाडीत बसतो, त्या ढिगातून तिला करकरत मागे ओढतो आणि लंगडत पिटमध्ये आणतो.

इथे तुम्हाला मदत करावीशी वाटेल, करू नका. नियम असा की चालकानेच, गाडीतल्या हत्यारांनीच दुरुस्ती करायची. डब्ल्यू. ओ. आणि मेकॅनिक हात बांधून उभे राहतात. उजवा मडगार्ड चाकावर दबलाय, उजवा हेडलाइट फुटलाय, पुढचा ॲक्सल वाकलाय. ॲक्सल इथे सरळ होणारच नाही. उरलेलं दोरी आणि तार. काचेच्या दांडीला एक हातातला टॉर्च बांधून टाकलाय, सायकलला बांधतात तसा. गाडी पुन्हा निघते.

रात्रभर दोघे तिला आजाऱ्यासारखी सांभाळत नेतात. एक बरं, त्यातला एक डॉक्टर आहे. पुढे लाली आणि शासान्य यांची फ्रेंच ॲरिएस कित्येक फेऱ्यांनी आघाडीवर. रविवारी दुपारपर्यंत ही चिकाटी फुकटच जाणार असं दिसतं. मग ॲरिएसचं इंजिन कुरकुरू लागतं. बेंटलीच्या पिटमधून खूण होते, वेग वाढतो, आणि संपायला जेमतेम दीड-दोन तास उरले असताना ॲरिएस कायमची थांबते. वाकलेल्या ॲक्सलवर सात नंबर चारला आत येते. फेऱ्या १३७. दुसरी आलेली चिमुकली सालमसाँ साडेतीनशे किलोमीटर मागे. निघालेल्या २२ गाड्यांतल्या सातच शेवटपर्यंत टिकल्या.

तुम्ही उतरू नका इतक्यात. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ‘ऑटोकार’ने मेजवानी ठेवलीय आणि मुख्य पाहुणी म्हणून हीच गाडी दिवाणखान्यात आणलीय, न धुता, न ठोकता. काळ्या कोटातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. कुणीतरी इंजिन सुरू करतं. वाकून उजव्या मडगार्डवरून बोट फिरवा; ल मान्सचा चिखल अजून तिथेच आहे.