पेंचची माताराम

इंदूरच्या सियागंज पेठेत अनेक गाद्यांवर व्याघ्रवाहिनी दुर्गेची तसबीर असते. तिला हात जोडणाऱ्या आम्हां भाविकांनी याच मध्यप्रदेशातील एका वाघिणीचे चरित्रही जाणून घ्यावे. २००५ साली सिवनी जिल्ह्यातील पेंचच्या अरण्यात ती जन्मली. २००८ साली अभ्यासासाठी तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधण्यात आला व ‘कॉलरवाली’ हे नाव रूढ झाले. आठ वेतांत तिने २९ बछड्यांना जन्म दिला. २०१० साली तर एकाच वेळी पाच. १५ जानेवारी २०२२ रोजी वार्धक्याने तिचा अंत झाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीस बंदी केली. त्या छत्राखाली तिला दीर्घायुष्य लाभले. तोच कायदा मृत वाघास सरकारी मालमत्ता मानतो. परंतु लोक तिला ‘माताराम’ म्हणत. तिच्या चितेपाशी गावकरी हात जोडून उभे राहिले, फुले वाहिली गेली आणि अग्नी दिला तो एका आदिवासी स्त्रीने. कायदा प्राण राखील. हा जिव्हाळा समाजानेच राखावयाचा आहे. वाहनाचे अरण्य उजाड होऊ देऊन देवीची पूजा पूर्ण होते, असे आम्हांस वाटत नाही.