परवान्यातले तास

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला, क्रमांक १. पण अशा परवान्यावर हौसेने उडता येई. भाडे घेऊन माणसे न्यायची तर ब्रिटिश पद्धतीत ‘ए’च्या पुढचा ‘बी’ परवाना काढावा लागे.

हौस आणि धंदा यांतली ही रेघ १९१९च्या पॅरिस कराराने आखली. पहिले महायुद्ध संपून प्रवासी वाहतूक नुकती सुरू होत होती. धंदेवाईक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली आणि परीक्षाही चांगलीच घाम काढणारी ठरली: किमान तीनशे किलोमीटरची फेरी, वाटेत दोन ठिकाणी उतरून त्याच विमानाने आठ तासांत परत. शिवाय रात्री अर्धा तास, किमान पाचशे मीटर उंचीवर.

आजच्या भारतीय नियमांत या परीक्षेची पणती सापडते. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, त्यातले शंभर तास विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन. एक फेरी तीनशे सागरी मैलांची, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटरची, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचे! अंतर वाढले, साचा तोच. एवढे करून मिळते ती सहवैमानिकाची खुर्ची. कॅप्टनच्या वरच्या परवान्याला दीड हजार तास.

अर्थात तास भरले म्हणजे काम मिळतेच असे नाही. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी त्यांना स्त्री म्हणून नाकारल्याचे सांगतात; शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुखांनी केवळ महिला वैमानिकांचे फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेले, तोवर जवळजवळ चार दशके उलटली होती.

उलटे उदाहरण गोव्याचे. जानेवारी २०११ मध्ये दिल्लीहून आलेले प्रवासी विमान तिथे मागच्या चाकांऐवजी नाकाकडच्या चाकावर टेकले. चौकशीत कॅप्टनची कागदपत्रे उघडली, तर वरच्या परवान्याची गुणपत्रिकाच बनावट! मग आणखी प्रकरणे बाहेर आली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला हजारो परवाने नव्याने तपासावे लागले. ही तपासणी परवाना हातात ठेवण्याआधीच व्हायला हवी होती.