खात्यावर लिहून ठेवा

पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या हाती उशिरा आले. डिचोली 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. सत्ता बदलली, पण सोयरीक आणि बाजारहाट बांदा-सावंतवाडीशीच राहिला. आमच्याकडच्या पसरकाराचे गिऱ्हाईक म्हणूनच कधी एका राज्यातले नव्हते. पसरकार म्हणजे गावातला किराणा दुकानदार. तांदूळ, मीठ, रॉकेल, सुंभ, गूळ, सगळे एकाच फळीवर.

त्याच्या धंद्याचे खरे भांडवल माल नव्हे, वही होती. भात कापून झाले की पैसे, काजूचा हंगाम संपला की पैसे, मुंबईहून मनीऑर्डर आली की पैसे. तोवर ‘खात्यावर लिहून ठेवा’. मुंबईत गिरणीत किंवा बोटीवर असलेल्या मुलाच्या नावावर घर वर्षभर जगायचे. दुकानदाराला कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचे लग्न ठरले आहे, हे ठाऊक असायचे आणि उधारीची मर्यादा त्यावरून ठरायची. व्याजाचे कागद लिहून घेणारे सावकार वेगळे. आमच्या मते या दोघांना एका माळेत ओवणे अन्यायाचे आहे, जरी काही पसरकार पुढे सावकारही झाले.

या वहीची परीक्षा झाली ती 1954-55 नंतर. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडण्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरहद्द आणखी घट्ट झाली. पैसे पाठवण्यावर निर्बंध आले, म्हणजे मुंबईची मनीऑर्डरच आटली. घाटावरून येणारा भाजीपाला बंद. सरकारने मग हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा आणला. डिचोलीत खाणींचे काम वाढल्याने तिथल्या घरांत थोडी रोकड खेळू लागली. पेडण्याला तो आधार नव्हता. तिथे जुनी बाकी न मागता नवा माल देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला पुढे कित्येक वर्षे सोडवेना.

त्यात नाणेही बदलले. गोव्याचा रुपया 16 टांगांचा. 1959 मध्ये त्याच्या जागी एस्कुदो आला, एका रुपयाला सहा. तीन वर्षे होतात न होतात तोच 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पुन्हा रुपयात हिशेब. एकच बाकी तीन नाण्यांत फिरली. शाळेत न गेलेल्या म्हातारीला सहाचा हिशेब कोण समजावणार? तिने दुकानदाराचा आकडा मानला, आणि त्याने तो नीट मांडला असेल तरच तिची सून त्याच दारात उभी राहिली.

आठवड्याच्या बाजाराची रीत मात्र वेगळी. बुधवार डिचोलीचा, गुरुवार पेडण्याचा, शुक्रवार म्हापशाचा. तिथे रोख व्यवहार. तरी चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीचा बाजार भरला की ठरलेली माणसे ठरलेल्या बाईकडेच जातात. कवंडळे, तोरिंग, हरणांची फुले, सुपारीचे शिपटे, रानातून तोडून ती पाटीत आणते. घासाघीस होते, जोरात होते. शेवटी ती एक कवंडळ फुकट टाकते आणि विचारते, यंदा दीड दिवस की पाच?