तळटीप : ‘गोव्याचा निकाल त्रेसष्टलाच लागला होता’

१. लेखकाचे हे विधान अर्धेच खरे आहे. गोव्याची माणसे वारीला येतात, मराठी अभंग म्हणतात. तेव्हा गोवा आपलाच, असे पंढरपुरात बसून वाटणे स्वाभाविक होते. डिसेंबर १९६३च्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुकारा करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १४ जागा मिळाल्या आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, हेही खरे. पण त्या मतांत महाराष्ट्राची ओढ किती आणि कुळांचा भाटकारांवरचा (जमीनदारांवरचा) राग किती, हे मतपेटी सांगत नाही. म्हणून १६ जानेवारी १९६७ रोजी तेवढा एकच प्रश्न सार्वमतात वेगळा विचारला गेला. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने, अशी चिन्हे होती. पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. खरी गंमत पुढेच आहे : दोनच महिन्यांनी, मार्चमधल्या निवडणुकीत, मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवले. सरकार त्यांचे हवे होते, विलीनीकरण नको होते. निवडणुकीलाच सार्वमत समजण्याची गफलत एकट्या लेखकाची नव्हे. मुंबईतल्या पुढाऱ्यांचीही तीच झाली होती. मूळ वाक्य मात्र लेखकाचे म्हणून तसेच ठेवले आहे. — संपादक